आधी नमस्कार, मग लाथ

चेंडूच्या आधी माझ्या बुटाचं टोक तो जमिनीवर धरून बसलेल्या डेलच्या बोटांना घासून गेलं, आणि तिथंच सगळं बिघडलं. चेंडू वर चढायचा सोडून बुटकाच उडाला, समोरून धावत आलेल्या एका धिप्पाड गड्याच्या छातीवर आपटला आणि आमच्याच पुढ्यात पडला.

आता काय करायचं हे मैदानावरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं. खेळ थांबलेला नव्हता. पडलेल्या चेंडूवर झेप घ्यायची, नाही जमलं तर जो कोणी तो उचलेल त्याला आडवं पाडायचं. मी काय केलं? मी खाली वाकलो, गुडघ्यावर बसलेल्या डेलच्या हाताला हात लावला आणि कपाळाला टेकवला. कपाळ कुठलं, हेल्मेट होतं. हेल्मेटला टेकवला.

"सॅम! चेंडू बघ, चेंडू!" डेल बोंबलला.

मी मान वर केली तोवर त्यांचा एक गडी चेंडू काखेत मारून आमच्या टोकाकडे सुटला होता. त्याच्या वाटेत उभा राहायला हवा असा एकच माणूस होता, आणि तो नमस्कार करत होता. मॅच बरोबरीत चालली होती, ती अशी गेली.

याला आता खूप वर्षं झाली. हल्ली जिना चढताना माझे गुडघे कुरकुरतात. पण त्या मोसमाबद्दल कोणी विचारलं तर मी अजून चहा गार होईपर्यंत बोलतो, घरचे लोक हळूच उठून जातात.

मी मूळचा कोल्हापूरचा. आमच्याकडे फुटबॉल म्हणजे पायाने खेळायचा खेळ. पेठेपेठेत तालमींचे संघ आहेत, शाहू स्टेडियमवर मॅच असली की अर्धं गाव दुकानं बंद करून येतं. आमच्या तालमीकडून मी डाव्या बगलेला खेळायचो, आणि माझ्या लाथेचं बऱ्यापैकी नाव होतं. मग मामाच्या ओळखीने शिकायला अमेरिकेत गेलो, आयोवा राज्यातल्या बेलफोर्ड नावाच्या गावी. चारी बाजूंना मका आणि मध्ये एक लहानसं कॉलेज. तिथं ज्याला फुटबॉल म्हणत तो निराळाच प्रकार होता. पपईच्या आकाराचा चेंडू हातात धरून पळायचं आणि पळणाऱ्याला आडवं पाडायचं. पायाचं काम फार थोडं. गाडं कुठे अडलंच तर लांबूनच चेंडूला लाथ हाणून दोन खांबांच्या मधून तो पार करायचा, की तीन गुण. तेवढ्यापुरता एक माणूस ठेवलेला असे.

एका संध्याकाळी मी मेसच्या मागच्या भिंतीवर एकटाच चेंडू मारत होतो. एकटाच, कारण महिनाभरात त्या कॉलेजात माझ्याशी कोणी दोन वाक्यांच्या वर बोललं नव्हतं. कोच लुंड तिथून चालले होते. ते थांबले, थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "हाच पाय त्या लांबट चेंडूला लावून बघतोस?" संग्राम इंगवलेचा सॅम तिथंच झाला.

संघातली बहुतेक पोरं शेतकऱ्यांची. त्यांचं इंग्रजी मला पहिल्या दिवसापासून आमच्या गावाकडच्या बोलीसारखंच ऐकू यायचं, म्हणून इथे लिहितानाही तसंच लिहितो. पुस्तकी मराठी त्यांच्या तोंडी शोभायची नाही.

लाथ मारायच्या कामाला दोघं लागतात. एकाने गुडघ्यावर बसायचं, पुढच्या गड्याने पायांमधून मागे फेकलेला चेंडू झेलायचा आणि क्षणात जमिनीवर उभा करून वरून एका बोटाने धरायचा. दुसऱ्याने धावत येऊन मारायचा. धरणारा होता डेल क्रूगर. तीन वर्षं तो संघाचा क्वार्टरबॅक होता, म्हणजे सगळा खेळ त्याच्या डोक्याने आणि हाताने चालायचा. मग त्याचा खांदा निखळला, चेंडू लांब फेकता येईना, आणि त्याची जागा एका नव्या पोराला गेली. शेवटच्या वर्षाला डेलच्या वाट्याला एवढंच उरलं होतं, माझ्यासाठी चेंडू धरणं.

त्याचे आईवडील एकही मॅच चुकवत नसत. डुकरं, गाई सगळं शेजाऱ्यावर सोपवून तीन-तीन तास गाडी हाकत यायचे. मॅच संपली की मिसेस क्रूगर गाडीचं मागचं फळकूट पाडून त्यावर खाणं मांडायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "तू काय खातोस, काय खात न्हाईस, मला नीट सांग. उपाशी ऱ्हाऊ नगंस." त्या मुलखात मला जेवणाचं विचारणारं ते पहिलं माणूस. मिस्टर क्रूगर उंच, वाळलेले आणि कमी बोलणारे. टोपी मागे सारून पोराकडे बघत उभे राहायचे.

तर त्या नमस्काराच्या मॅचनंतरचा सोमवार. सगळा संघ अंधाऱ्या खोलीत बसून मॅचचं चित्रण बघायचा, असा तिथला रिवाज होता. पडद्यावर मी वाकलो आणि कोचनी चित्र थांबवलं.

"सॅम, हे काय चाललंय? देवाचा धावा करतोयस?"

"नाही कोच. डेलला माझा पाय लागला."

"मग?"

"कुणाला पाय लागला की आमच्याकडे नमस्कार करतात."

"मॅच चालू असताना?"

"करायचा म्हणून करत नाही. हात आपोआप जातो."

मागच्या रांगेतून हँक उठला. हँक आमच्या आघाडीच्या फळीतला. दारातून आत यायचं तर त्याला तिरकं व्हावं लागे. तो मनापासून विचारत होता. "पर सॅम, तुमच्या त्या गोल चेंडूच्या फुटबॉलात लाथा लागत न्हाईत व्हय?"

"खंडीभर लागतात. पण ती पायाला पाय लागायची गोष्ट. समोरचा पण मला हाणतच असतो. इथं डेल गुडघ्यावर बसून माझ्यासाठी चेंडू धरतो आणि मी त्याच्याच हाताला लाथ मारायची?"

खोलीत हशा उसळला. डेल तेवढा हसला नाही. तो पडद्यावरच्या स्वतःच्या हाताकडे बघत होता.

कोच इतिहास शिकवायचे आणि निर्णय झटपट द्यायचे. "ठीक आहे. आजपासून सॅम फक्त मॅच सुरू करायची लाथ मारेल. तिथं चेंडू ठोकळ्यावर असतो, कुणाचा हात नसतो. बाकी लाथ बंद. आपण पळूनच गुण काढायचे."

माझं काम निम्मं झालं. डेलचं सगळंच संपलं.  बाहेर पडताना तो माझ्या पाठीवर थाप मारून गेला, आणि ती थाप मला दिवसभर टोचत राहिली.

पुढच्या शनिवारी आम्ही जिंकलो. डेल सबंध मॅच बाकावर बसून होता. संपल्यावर नेहमीसारखे गाडीपाशी जमलो. बाकी पोरं चिखलाने माखलेली आणि डेलचे कपडे घडी मोडल्यासारखे पांढरेशुभ्र. मिस्टर क्रूगरनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"बरं झालं," ते म्हणाले. "तुझ्या आयचं धुणं वाचलं."

डेल हसला. आईने हातात दिलेलं ताट त्याने तसंच फळकुटावर ठेवलं आणि हँकशी बोलायला निघून गेला. म्हातारा टोपी काढून पुन्हा डोक्यावर घालत उभा राहिला. मला तिथून पळून जावंसं वाटलं. या माणसांनी मला पोटच्या पोरासारखं जेवू घातलं होतं आणि माझ्यापायी त्यांचं पोर बाकावर बसलं होतं. मोसमाच्या पाच मॅच उरल्या होत्या. त्यानंतर डेल कॉलेज संपवून शेतावर जाणार होता आणि अंगात हा पोशाख पुन्हा कधी चढवणार नव्हता. त्याला एकदा तरी मैदानावर नेल्याशिवाय मला चैन पडणार नव्हतं.

सोमवारी सराव संपल्यावर डेलच माझ्याकडे आला. "चल. मला लाथ मार."

"काय?"

"मार म्हणतोय न्हवं. सारखी मारलीस की सवय मोडंल. लाजतोस काय बायकांवानी?"

मी हलकेच त्याच्या हाताला पाय लावला, आणि माझा हात कपाळाला गेला. पुन्हा लावला, पुन्हा गेला. हँक लांबून बघत होता. तो आला आणि पाठ करून वाकून उभा राहिला. "त्याचा हात लई बारीक हाय. हितं मार. जागा मोप हाय."

मी मारली. हात गेला. मग आघाडीची सगळी फळीच हौसेने रांगेत वाकून उभी राहिली. मी एका टोकापासून लाथा घालत निघालो, प्रत्येक लाथेमागे कपाळाला हात लावत. पोरं हसून हसून गवतावर लोळली. कोच खिडकीतून बघत होते, त्यांनी पडदा ओढून घेतला. पण सवय काही मोडेना. दोन आठवडे हा प्रकार चालला आणि त्यातून एवढंच निष्पन्न झालं की हँकला बसायला उशी लागायला लागली.

रविवारी सकाळी मी वसतिगृहाच्या फोनवरून घरी बोलायचो. तिकडे तेव्हा दिवेलागण झालेली असे. दादाने फोन उचलला. तो आमच्या तालमीचा गोलकीपर.

"काय मर्दा, किती घातलंस?"

"दादा, मला खेळवंनात."

"का रं? तंगडी मोडून घेतलीस?"

मी सगळं सांगितलं. पलीकडून आधी काहीच ऐकू येईना, मग कळलं की तो हसतोय. "आई, ए आई! हिकडं ये. ह्यो पठ्ठ्या अमेरिकेत जाऊन मॅचमध्ये पाया पडाय लागलाय!"

आईने फोन घेतला. तिला यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. "पाय लागला, नमस्कार केलास. त्यात तुझं काय चुकलं?"

"अगं, पण तेवढ्यात समोरचे चेंडू घेऊन गेले."

"मग आधी कराय काय झालं हुतं?"

"आधी म्हंजे?"

"पाय लागणार हाय ते तुला आधीच ठावं असतंय न्हवं? सकाळी उठून भुईवर पाय ठेवायच्या आधी भुईला हात लावून कपाळाला लावतोस का न्हाई? का तिथं गेल्यावर सोडलंस ते?"

"लावतो की."

"मग दिवसभर चालतोस तवा दर पावलाला वाकतोस व्हय? आधीच माफी मागून मोकळं व्हायचं, म्हंजे पाय कुठं का पडंना. त्या पोराला बी तसंच कर. आणि काय रे, त्याला आई हाय का?"

"हाय. दर मॅचला येते."

"मग जपून मार माझ्या राजा. दुसऱ्या कुणाचं तरी पोर हाय ते."

मी फोन ठेवला तो तसाच पळत डेलच्या खोलीवर गेलो. तो दाढी करत होता. अर्ध्या तोंडाला फेस तसाच ठेवून त्याने सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, आता हा हसणार. तो म्हणाला, "बराबर हाय की. आम्ही न्हाई का जेवायच्या आधी प्रार्थना म्हणत? नंतर कोण म्हणतंय? तोवर पोट भरल्यालं असतंय."

रविवारची सुट्टी असूनही आम्ही मैदानावर गेलो. हँकला पुढून चेंडू मागे फेकायला घेतलं. डेल गुडघ्यावर बसला. मी जवळ गेलो, वाकलो, त्याच्या हाताला हात लावून हेल्मेटला टेकवला. मग माझी पावलं मोजत मागे आलो, मान हलवली. हँकने चेंडू फेकला, डेलने उभा केला, मी धावलो.

चेंडू खांबांच्या बरोबर मधून गेला आणि पलीकडच्या मक्यात पडला.

"पुन्हा," डेल म्हणाला.

पुन्हा गेला. पाचव्या-सहाव्या वेळी डेलने मुद्दाम बोट पुढे काढलं. माझा पाय त्यावर सडकून बसला. चेंडू तरीही गेला. मी जागेवर उभा, हात दोन्ही बाजूला. डेल बोट धरून एका पायावर नाचत होता आणि हसत होता.

"लागलं! लई बेक्कार लागलं! पर गडी वाकला न्हाई! हँक, बघितलंस का? वाकला न्हाई!"

हँक गंभीरपणे पुढे आला. "मग माझंबी फेड की. मी काय फुकट लाथा खाल्ल्या?" मी त्याला वाकून रीतसर नमस्कार केला आणि त्याने माझ्या डोक्यावर आपला पंजा ठेवला. आशीर्वादाची ही रीत त्याला कोणी शिकवली नव्हती.

कोच मात्र बधले नाहीत. आम्ही त्यांना मैदानावर नेऊन दाखवलं. त्यांनी चेंडू गेलेला पाहिला, मान डोलावली. "इथं शांत मैदान आहे. समोरून अकरा बैल सुटले की काय होतं ते मी चित्रणात पाहिलंय." पुढच्या दोन मॅच आम्ही नुसतं पळून आणि धडका देऊन जिंकल्या. डेलचे कपडे पांढरेच राहिले. त्याच्या आईने त्याला काही विचारणं सोडलं. रोज सराव संपला की आम्ही दोघं मात्र थांबायचो. थंडी पडायला लागली, हात बधिर व्हायचे, तरी तो चेंडू धरत राहिला.

शेवटची मॅच ग्रँट्लीशी, आमच्याच मैदानावर. ग्रँट्लीचं कॉलेज मोठं, पैसेवालं. जो जिंकेल त्याच्याकडे विभागाचं अजिंक्यपद जाणार होतं. बेलफोर्डला ते कधीच मिळालेलं नव्हतं. गावातलं एकूणएक माणूस घोंगड्या घेऊन आलं होतं. न्हावी आला होता, पाद्री आला होता, शाळेची बस चालवणारी बाई सगळी बस भरून पोरं घेऊन आली होती.

कधी आम्ही पुढे, कधी ते. शेवटी शेवटी आम्ही एक जबरदस्त हल्ला केला आणि हँकने पाडलेल्या भगदाडातून आमचा गडी पार झाला. ते एकवीस, आम्ही वीस. अशा वेळी एक सोपी लाथ मिळते, तिचा एक गुण. ती मारली की बरोबरी. डेल बाकावरून उठून उभा राहिला. मीही. कोचनी आमच्याकडे पाहिलंच नाही. लाथेच्या ऐवजी पळून रेघ ओलांडली तर दोन गुण मिळतात, त्यांनी ते मागायचं ठरवलं. ग्रँट्लीच्या पोरांनी आमच्या गड्याला रेघेच्या अलीकडेच गाडलं. आम्ही वीसवरच राहिलो.

डेल खाली बसला. हातातलं हेल्मेट तो नुसतं फिरवत राहिला.

पण आमच्या पोरांनी जिद्द सोडली नाही. त्यांनी चेंडू परत हिसकावला आणि इंचइंच लढवत पुढे आणला. मग गाडं रुतलं. शेवटची एकच खेळी उरली होती, घड्याळात चार-पाच सेकंद. पळून जायला अंतर फार लांब होतं. लाथेलाही लांबच, चाळीस यार्डांच्या वर, आणि वारा तोंडावर. कोच आमच्यासमोर येऊन उभे राहिले. त्यांचा चेहरा उतरला होता.

त्यांनी मला विचारलं नाही. डेलला विचारलं. "हा मारेल?"

"मारंल."

"आणि पाय लागला तर?"

"लागू द्या की. त्याची माफी आधीच मागून झाल्याली असती." डेलने हात पुढे केला. त्याच्या बोटांची पेरं काळीनिळी पडली होती, एका नखाखाली रक्त साकळलं होतं. "कोच, तीन आठवडं रोज लाथा खाल्ल्यात ह्या हातानं. एकदाबी वाकला न्हाई त्यो."

कोचनी त्या हाताकडे पाहिलं. मग घड्याळाकडे. "जा," ते म्हणाले.

आम्ही पळत आत गेलो. ग्रँट्लीची पोरं ओरडत होती, त्यांच्या प्रेक्षकांनी घंटा वाजवायला सुरुवात केली होती.  मी खांब बघितले, वारा बघितला, पावलं मोजून मागे आलो आणि मान हलवली. डेलने इशारा दिला की चेंडू सुटणार.

डेल इशारा देईना. त्याने माझ्याकडे हात पसरला.

"सॅम, आधी."

मी विसरलो होतो. पंचाच्या हातात घड्याळ चालू होतं, ठरलेल्या वेळात चेंडू सुटला नाही तर आम्हाला आणखी मागे ढकलणार होते. "वेळ जातोय," मी ओरडलो.

"जाऊ दे. आधी ये."

मी पुढे धावलो. वाकून त्याच्या काळ्यानिळ्या हाताला हात लावला, हेल्मेटला टेकवला. समोरून कोणीतरी खिदळलं. चेंडूवर वाकलेल्या हँकने खालूनच मान वर करून त्याच्याकडे बघितलं आणि ते खिदळणं थांबलं. मी मागे आलो. छातीतली धडधड कुठे गेली कळलं नाही. शाहू स्टेडियमवर पेनल्टी मारायला उभा राहायचो तेव्हा सगळे आवाज असेच लांब जायचे.

चेंडू सुटला. डेलने झेलला, टेकवला, बोट ठेवलं. मी मारला.

समोरच्या अकरापैकी एक तर चांगला पुरुषभर उंच उडाला होता. चेंडू त्याच्या बोटांवरून गेला, वाऱ्यात थोडा डावीकडे रेंगाळला आणि पुढे जातच राहिला. खांबांखाली उभ्या असलेल्या पंचांनी एकमेकांकडे पाहिलं. मग दोघांनी दोन्ही हात सरळ वर केले.

त्यानंतरचं मला सलग आठवत नाही. हँकने मला पोत्यासारखा उचलून खांद्यावर टाकला. न्हावी आणि पाद्री एकमेकांच्या गळ्यात पडून उड्या मारत होते. कोल्हापुरात असतो तर गुलालाने न्हालो असतो, इथं कोणीतरी माझ्या डोक्यावर बर्फाच्या सरबताची अख्खी बादली रिकामी केली. त्या थंडीत माझे दात वाजत होते आणि मी "आलोऽऽ रे" म्हणून कोल्हापुरी बोंब ठोकत होतो. कोचनी मला मिठी मारली, चष्मा पुसला आणि पुन्हा मिठी मारली. मला रडू येत होतं आणि मी ते आवरलं नाही. ज्या गावात महिनाभर मी भिंतीशी खेळलो होतो, ते सगळं गाव माझं नाव घेऊन ओरडत होतं.

हँकने खाली ठेवल्यावर मी डेलला शोधलं. त्याच्याभोवती कोणी नव्हतं. गर्दी सगळी माझ्याकडे धावली होती. तो मैदानाच्या मध्यावर उभा होता, गुडघ्यापासून खाली चिखल, कोपरापर्यंत चिखल. त्याची आई त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरून काहीतरी बोलत होती आणि तो हसत होता.

मिस्टर क्रूगर कुंपण ओलांडून माझ्याकडे आले. त्या वयात ते कुंपण कसे चढले कोण जाणे. त्यांनी माझा हात घट्ट धरला आणि सोडेनात.

"पोरा," ते म्हणाले, "चेंडू मधनं गेला का रं? का काठाला घासून?"

मला वाटलं थट्टा करतायत. "तुम्ही तर समोरच बसला होता. दिसला नाही?"

"न्हाई बघितला. माणसं उठून नाचाय लागली तवा कळलं, गेला म्हणून."

"मग बघत काय होता?"

त्यांनी डेलकडे मान वळवली. "त्याचं हात," ते म्हणाले. "एवढासा हुता तवापास्नं त्याच्या मॅचा बघतोय मी. चेंडू कुठं जातोय ते कधी बघितलंच न्हाई."

मी सांगितलं, अगदी मधून गेला.

त्यांनी मान डोलावली. डोळे पुसायला टोपी काढली, आणि टोपीनेच पुसूनही घेतले.

"जाणारच," ते म्हणाले. "धरलाच हुता तसा."